पाणी कमी करा

बुलढाणा जिल्ह्यात तेरा तालुके आहेत आणि त्यांतल्या एकालाही समुद्र लागत नाही. जिल्ह्याचं ठिकाण अजिंठ्याच्या डोंगररांगेत, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच. म्हणजे जगभरच्या समुद्रांची पातळी कितीही वाढो, तो आपल्या दारी यायचा नाही. आपल्यालाच त्याच्याकडे जावं लागणार. तरी गेल्या काही वर्षांत इथल्या बऱ्याच दिवाणखान्यांत पाण्याखालचा एक फोटो येऊन बसला आहे. चष्मा चढवलेला, गाल फुगलेला, केस उभे राहिलेला एक इसम, भोवती काळे-पिवळे पट्टेवाले मासे आणि कॅमेऱ्यासमोर नाचवलेला अंगठा. इसम घरोघरी बदलतो. मासे बहुधा तेच असतात.

हे फोटो मालवण-तारकर्लीचे. मालवणच्या समुद्राला १९८७ साली सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला, त्यामुळे तिथले मासे सरकारी संरक्षणात आहेत. फोटोत यायच्या त्यांच्या वेळा मात्र बोटवाले ठरवतात. अंगठ्याची एक गंमत सांगायला हवी. पाणबुड्यांच्या खुणांमध्ये अंगठा वर म्हणजे ‘मला वर जायचं आहे’. सगळं ठीक आहे हे सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवून वर्तुळ करतात. तेव्हा दिवाणखान्यातल्या त्या फोटोंत आपले निम्मे आप्त हसतमुखाने ‘वर काढा’ म्हणत आहेत, आणि शेजारचा गाईड आणखी एक फोटो होईपर्यंत त्यांना खाली धरून आहे.

पहिल्या डुबकीनंतर माणसाला दोन व्याधी जडतात. कानात दडे बसतात आणि स्वतःचा कॅमेरा हवासा वाटतो. पहिली दोन दिवसांत बरी होते. आमच्या पुतण्याला दुसरी जडली. तो पुण्यात नोकरीला, घर चिखलीला, शेत चिखलीच्या बाहेर. उन्हाळ्याच्या सुटीत तो घरी आला तो खरेदीची यादीच घेऊन, कारण नितळ पाण्याचा मोसम दिवाळीनंतरचा आणि तोवर हात बसवायचा होता.

त्याचे वडील, म्हणजे आमचे दादा, यांना रुपयांत किंमत सांगून उपयोग नसतो. ते प्रत्येक वस्तूचं सोयाबीन करून पाहतात. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. मिररलेस कॅमेरा पाण्यात न्यायचा तर त्याला ॲल्युमिनियमचं हाऊसिंग लागतं, आणि ते अनेकदा आतल्या कॅमेऱ्यापेक्षा महाग असतं. पुतण्याने पसंत केलेलं लाखाच्या घरातलं होतं.

“एकोणीस क्विंटल,” दादा म्हणाले. “बऱ्या साली एकरी पाच-साडेपाच. म्हंजे साडेतीन एकर निस्ता डबा. लेन्स धरली का त्यात?”

“लेन्स वेगळी, बाबा.”

“आन् मासे?”

हा हिशेब हमीभावाचा आहे. बाजारात मिळालेल्या भावाने केला असता तर त्या दिवशी घरात स्वयंपाक झाला नसता.

सर्वांत स्वस्त साधन म्हणजे फोनचा प्लास्टिक पाऊच. दोन-तीनशे रुपये, दादांच्या मापाने साडेपाच किलो सोयाबीन. पुतण्याच्या आईने ताबडतोब त्याच्या बाजूने मत दिलं. पाऊचमध्ये मूलभूत अडचण एवढीच की पाण्यात फोनचा टचस्क्रीन चालत नाही. पाण्याचा दाब प्लास्टिकला काचेवर सगळीकडून चेपतो, आणि फोनला वाटतं, अख्खं गाव एकदम बोटं लावतंय. मग आवाजाचं बटण दाबून फोटो काढायचे. ‘माझा फोन वॉटरप्रूफच आहे’ म्हणणाऱ्यांनी त्यावरचा आयपी ६८ हा शिक्का नीट वाचावा. ती चाचणी गोड्या, स्थिर पाण्यात होते. अनेक फोनांसाठी दीड मीटर खोल आणि अर्धा तास. समुद्र खारा असतो, हलतो आणि वेळ विचारत नाही. शिवाय फोन जाहिरातीत जितका वॉटरप्रूफ असतो तितका वॉरंटीत नसतो. वॉरंटीच्या कागदावर पाण्याचा थेंब पडला तरी ती वाहून जाते.

पाऊच आणि साडेतीन एकर यांच्या मधली जागा नवशिक्यांची. गोप्रोसारखा ॲक्शन कॅमेरा उघडाच दहा मीटरपर्यंत जातो, वर केस चढवली की साठ. ओएम सिस्टीमचा टीजी-७ हा छोटा कॅमेरा पंधरा मीटरपर्यंत तसाच चालतो आणि एका सेंटीमीटरवरून फोटो काढतो. दहा मीटर खाली गेलं की दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो, म्हणून हे आकडे जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकासारखे वाचू नयेत. ते खरे असतात.

आता खरी गोष्ट. पाण्याखालच्या फोटोग्राफीवर जगात जेवढी पुस्तकं आणि शिकवण्या आहेत त्या सगळ्या पहिल्या धड्यात एकच सांगतात: तुमच्या आणि माशाच्या मधलं पाणी कमी करा. जवळ जा. गेलात? आणखी जवळ जा. पाणी प्रकाश खातं, रंग खातं, धार खातं. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातसुद्धा गाळ आणि जीवजंतू तरंगत असतात. मधे जेवढं पाणी कमी तेवढा फोटो चांगला. हे वाचून मला जिल्ह्याचा अभिमान वाटला. मधलं पाणी कमी करण्याचं काम आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. कॅलिफोर्नियातले लोक त्यासाठी पैसे मोजून वर्ग लावतात. आमच्याकडे दर मे महिन्यात ते शासकीय टँकरच्या साक्षीने आपोआप घडतं.

एवढा एक नियम ध्यानात ठेवला तर खरेदीची निम्मी यादी गळून पडते. झूम लेन्स नको. जमिनीवर आपल्याला झूमचा फार सोस. लग्नात मागच्या रांगेत बसून नवरीच्या नथीचा फोटो काढता येतो म्हणून. पाण्यात झूम केलं की मासा मोठा होतो आणि मधलं पाणीही त्याच्यासोबत मोठं होतं. हवी असते ती रुंद लेन्स, जवळ जाऊनही मोठा मासा अख्खा मावेल अशी. त्यात पाणी आणखी एक खोडी करतं. सपाट काचेतून पाण्यात पाहिलं की वस्तू पाव हिस्सा जवळ आणि तिसऱ्या हिश्शाने मोठ्या दिसतात. त्यामुळे २८ मिलिमीटरची लेन्स ३७ च्या आसपासची होऊन बसते. रुंदी विकत घ्यायची आणि पाण्याने ती कापून घ्यायची. काठावरून पाहिलं तर याच कारणाने बारा फूट पाणी नऊ फूट दिसतं. टंचाईच्या आढाव्यात नऊ फूट पाणी बारा कसं दिसतं, याचं भौतिकशास्त्र अजून लिहिलं गेलेलं नाही.

गेलेली रुंदी परत मिळवायला काचेचा घुमट लावतात, त्याला डोम पोर्ट म्हणतात. तो मोठा होत जातो तशी त्याची किंमत दादांना सांगवत नाही.

नवशिक्याने पहिली लेन्स घ्यावी ती वेट लेन्स. हाऊसिंगच्या बाहेरून, बहुधा ६७ मिलिमीटरच्या आट्यांवर फिरवून बसवायची, आणि पाण्यातच काढता-घालता येते. तिचे दोन प्रकार: रुंद आणि जवळचं दाखवणारी. रुंद वेट लेन्स छान असते आणि तिच्या पैशात बऱ्यापैकी फोन येतो. जवळचं दाखवणारी, म्हणजे दहा डायॉप्टरच्या आसपासची क्लोज-अप लेन्स, पुष्कळ स्वस्त पडते, आणि माझ्या मते पहिला खर्च तिच्यावरच व्हावा. बोटभर माशाचा, खेकड्याच्या डोळ्याचा फोटो दोन-चार बोटांवरून निघतो. मधे पाणीच उरत नाही. आपलं कोकणातलं पाणी मालदीवसारखं काचबंद नसतं, पुष्कळदा हिरवट आणि धूसर असतं. तिथे लांबच्या देखाव्यापेक्षा जवळचा खेकडा भरवशाचा. खेकडा पोजही देतो.

लेन्सनंतर प्रकाश. पाणी सगळ्यांत आधी लाल रंग गिळतं, पाच-सहा मीटरवरच त्याची रया जाते. मग केशरी, त्यामागून पिवळा. हिरवा आणि निळा बराच वेळ तग धरून राहतात. यातून कोणीही राजकीय अर्थ काढू नये. हा निसर्गनियम आहे आणि आचारसंहितेच्या काळातही लागू असतो. गेलेला लाल परत आणायला निळ्या पाण्यात लाल फिल्टर लावतात आणि हिरव्या पाण्यात मॅजेंटा, म्हणजे राणी रंगाचा. फिल्टर स्वस्त असतो आणि उथळ, उन्हाच्या पाण्यात कामही देतो. पुतण्याच्या बहिणीने गणपतीच्या मखरातून उरलेला राणी रंगाचा जिलेटिन पेपर पुढे केला. पाहुणे भाऊजी हसले, पण तिचं तत्त्व बरोबर होतं.

खोल पाण्यात फिल्टरला गाळायला रंगच उरत नाही, तिथे दिवा लागतो. विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन या दोघांनी १९२६ मध्ये फ्लोरिडाच्या समुद्रात पाण्याखालचा पहिला रंगीत फोटो काढला, तेव्हा पाण्यावर तराफा ठेवून त्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवली होती. आता हातात मावणारा टॉर्च मिळतो. रातच्या लाईनीवर पाणी द्यायला जाणारा आमचा शेतकरी बॅटऱ्यांच्या बाबतीत कुणाला ऐकत नाही. दादांनी त्यांची बॅटरी तात्काळ देऊ केली. ती पाण्यात न्यायची नाही हे त्यांना पटवताना संध्याकाळ झाली.

दिवा कुठे धरायचा यावर मात्र कंजुषी करू नये. लेन्सच्या अगदी शेजारी दिवा असेल तर मधला सगळा गाळ चमकतो आणि फोटोत बर्फ पडल्याचा भास होतो. राजूर घाटात धुक्यात हाय-बीम मारला की समोर जी पांढरी भिंत उभी राहते, तीच ही. म्हणून दिवा हातभर लांब दांडीवर, बाजूला, थोडा बाहेर वळवून. दांडी आणि ती बसवायची पट्टी यांना दिव्याच्या मानाने काहीच पैसे पडत नाहीत, आणि म्हणूनच त्या कोणी घेत नाही.

मग येते ती ओरिंग. इंग्लंडमध्ये वेमथच्या खाडीत विल्यम थॉम्पसन नावाच्या गृहस्थाने १८५६ मध्ये बोटीतून कॅमेऱ्याची पेटी खाली सोडून पाण्याखालचा पहिला फोटो काढला असं मानतात. त्या पेटीत पाणी शिरलं होतं. म्हणजे ही कला जन्मली तीच गळतीसकट. आज एवढ्या किमतीचा सारा डोलारा ज्या काळ्या रबरी कडीवर उभा असतो, तिच्यावर एक केस किंवा रेतीचा एक कण बसला की पाणी आत. दर वेळी ती काढायची, पुसायची, बोटाने चाचपायची, सिलिकॉन ग्रीसचा नावापुरता हात फिरवायचा. ग्रीस थापलं तर त्यालाच कचरा चिकटतो. आत ओल धरून काच धुरकटू नये म्हणून सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या. नव्या बुटांच्या खोक्यात येतात त्या. आमच्या घरी त्या कोणीही फेकत नाही आणि कशासाठी ठेवल्या हे कोणालाही सांगता येत नाही. त्यांना पहिल्यांदाच नोकरी लागली.

सुट्या ओरिंगसाठी पुतण्या चिखलीच्या बाजारात फवारणीचे पंप दुरुस्त करणाऱ्याकडे गेला. त्याने ती कडी उजेडात धरली, ताणली, वास घेतला.

“भाऊ, औषध बाहीर नाई आलं पाह्यजे म्हणून मी वायसर टाकतो. तुमाले पाणी आत नाई आलं पाह्यजे. वायसराले काय, त्याले दोनी बाजूनं सारखंच. पर ह्या कंपनीचा माल कंपनीतूनच आणा. माह्या पंपाचं औषध गळलं तं पाच रुपयांचं गळते.”

एवढा प्रामाणिक सल्ला पुण्यातल्या दुकानात मिळाला नव्हता.

पुस्तकं सांगतात, समुद्रातून वर आलं की कॅमेरा लगेच गोड्या पाण्याच्या टबात बुडवून ठेवायचा, नाहीतर मिठाचे खडे बटणांत अडकून बसतात. हे वाक्य लिहिणाऱ्याच्या घरी नळ रोज येत असणार. आमच्याकडे नळ आठ-दहा दिवसांनी, आणि बादलीभर पाण्यावर आधीच चौघांचा हक्क. पुतण्याच्या आईने तोडगा काढला: आधी कॅमेरा, मग त्याच पाण्यात पोछा, उरलेलं पाणी अंगणात. घाटाखाली शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदच्या बाजूला तर खारपाणपट्टा. तिथल्या विहिरीच्या पाण्याने कॅमेरा धुवायचा म्हणजे अरबी समुद्राचं मीठ काढून पूर्णेच्या खोऱ्यातलं चढवायचं.

खाऱ्या पाण्यावरून लोणार निघणारच. निघालंही. जिल्ह्यात समुद्र नसला तरी खारं पाणी आहे, आणि तेही आकाशातून दगड पडून झालेलं. व्यास अठराशे मीटरच्या आसपास. वय जुन्या मोजणीने बावन्न हजार वर्षं आणि पुढच्या मोजणीने पाच लाख सत्तर हजार, म्हणजे दोन अंदाजांत अंतर एवढं की आमच्या सात-बाराच्या नोंदीसुद्धा लाजाव्यात. पण पाण्याचा पीएच अनेक वर्षं दहाच्या घरात राहिलेला. शिवाय अभयारण्य व २०२० पासून रामसर स्थळ असल्याने कॅमेरा घेऊन आत उड्या मारण्याचा प्रश्नही नाही. त्याच २०२० च्या जूनमध्ये हे पाणी गुलाबी झालं होतं. क्षार वाढल्यावर माजणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांनी रंग आणला, असं पुण्याच्या आघारकर संस्थेतल्या तपासणीतून पुढे आलं. हिरव्या पाण्याला मॅजेंटा फिल्टर लावतात हे लोणारला कोणी सांगावं लागलं नाही.

काठावर कमळजादेवीच्या देवळापाशी सासू-सुनेची विहीर आहे. तिच्यात एका बाजूचं पाणी गोड, दुसऱ्या बाजूचं खारट, असं लोक सांगतात. कोणती बाजू कुणाची याबद्दल सांगणाऱ्याच्या वयानुसार मत बदलतं. पाण्याखाली फोटो काढणारे अशा जागांना दचकून असतात. गोडं आणि खारं पाणी जिथे एकमेकांत मिसळतं, तिथे प्रकाश वेडावाकडा वळतो आणि कितीही महाग लेन्स लावा, फोटो धूसर येतो. सासू-सुनेच्या मध्ये जाऊन स्पष्ट चित्र घेऊन आलेला माणूस जमिनीवरही कोणी पाहिलेला नाही.

राहता राहिली शेतातली विहीर. नवं हाऊसिंग आधी रिकामंच बुडवून पाहतात, आत टिश्यू पेपर ठेवून. फार खोल जावं लागत नाही. पुष्कळदा पाणी पहिल्या मीटरभरातच आत शिरतं, कारण खाली गेल्यावर पाण्याचाच दाब झाकण घट्ट धरतो. मे महिना, विहिरीत चार फूट पाणी. शास्त्राला पुरून उरलं. पुतण्याने डब्यासोबत एक दगड बांधला आणि दोर सोडला. काठावर शेजारपाजारचे जमले, तसे कुठलीही वस्तू विहिरीत सोडली की जमतातच.

“आत काय हाय?”

“कागद.”

“कायले?”

“ओला होतो का ते पाहायला.”

“पाण्यात टाकला तं होईनच नं बाप्पा ओला,” एक म्हातारे म्हणाले. “याले एवढे पैशे लावले?”

कागद कोरडा निघाला. म्हाताऱ्यांना तो फारसा आवडला नाही.

या भागात पाण्याखालचे खरे व्यावसायिक छायाचित्रकार वेगळेच आहेत, आणि कोणत्याही प्रदर्शनात त्यांचे फोटो लागत नाहीत. बोअरमध्ये मोटार अडकली, केसिंग फुटलं, की कॅमेरावाल्याला बोलावतात. तो केबलच्या गुंडाळ्यावरून बोटभर जाडीचा कॅमेरा शेकडो फूट खाली सोडतो; लेन्सभोवती दिव्यांची कडी, वर जीपच्या बोनेटवर छोटा पडदा. दिवे लेन्सला खेटून असल्याने गाळ चमकतो, म्हणून मोटारीची ओढाताण झाल्या-झाल्या आलं तर तो सरळ सांगतो, पाणी डहुळलंय, निवळू द्या. समुद्रातले नामवंत हेच वाक्य इंग्रजीत सांगतात आणि त्याचे पैसे घेतात. पडद्याभोवती उभ्या असलेल्या मंडळींना मासा नको असतो, प्रवाळ नको असतं. पाण्यात काय सुंदर आहे यापेक्षा पाणी कितीवर आहे, एवढंच त्यांना पाहायचं असतं.

त्यामुळे पुतण्याकडे कॅमेरा आहे म्हटल्यावर दादांनी त्याला पहिली कामगिरी दिली ती फुटव्हॉलची, म्हणजे विहिरीतल्या पाइपाच्या टोकाच्या झडपेची. पंप पाणी ओढत नव्हता. गुढीपाडव्याच्या सुमारास मिस्त्री नवा फुटव्हॉल टाकून, पैसे घेऊन गेला होता. निदान तो तसं म्हणत होता. पुतण्याने ॲक्शन कॅमेरा बांबूला बांधला, दिवा दांडीवर बाजूला घेतला, पाणी निवळू दिलं आणि चित्रण केलं. पडद्यावर फुटव्हॉल आला: शेवाळलेला, गंजलेला आणि जुन्या तारेने दोन ठिकाणी बांधलेला. दादांनी त्याची मोठी प्रिंट काढून आणवली. घरातल्या भिंतीवर पाण्याखालचा दुसरा फोटो लागला तो हा.

मिस्त्रीला बोलावणं गेलं. तो आला, चहा प्यायला, फोटो हातात घेऊन लांब धरला, जवळ धरला.

“माल तुमचाच हाय,” दादा म्हणाले. “नीट पाहून घे.”

“पाह्यला नं भाऊ. पर याच्यात नवा-जुना काई समजून नाई राह्यला,” मिस्त्री शांतपणे म्हणाला आणि पुतण्याकडे वळला. “मधात पाणी लय येऊन राह्यलं. अजून जवळून काढाले पाह्यजे होता.”